निकाल राखून ठेवला आहे

डिसेंबर २०२३च्या मध्यावरची एक संध्याकाळ. सात वाजता कॉलेजच्या पोर्टलवर निकाल लागणार होता आणि साडेसहापासूनच आमच्या घरात कोणी कोणाशी बोलत नव्हते. कुकर लावला होता, तो मी शिट्टी होण्याआधीच बंद केला. त्या आवाजाने काही बिघडेल असे वाटण्याचे कारण नव्हते, तरी वाटले. लेक वरच्या मजल्यावर आपल्या खोलीत दार लावून बसली होती. निकाल एकटीनेच पाहायचा, असे तिने आम्हा दोघांना आधीच बजावले होते. सात वाजून चार मिनिटांनी ती जिन्याच्या निम्म्या पायऱ्या उतरून आली आणि तेथेच बसली. "डिफर केलंय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "भात झालाय का?"

या 'डिफर'ला मराठीत काय म्हणावे, याचा विचार मी त्या रात्री बराच वेळ करीत पडले होते. दुःखाच्या प्रसंगी शब्दांशी असा चाळा करण्याची खोड मराठीच्या माजी शिक्षकांना असतेच. 'लांबणीवर टाकणे' म्हणावे तर त्यात टाकणाऱ्याचा आळस ध्वनित होतो. 'तहकूब' हा शब्द सभेला शोभतो. न्यायालयाच्या बातम्यांत 'निकाल राखून ठेवला' असे छापतात, ते त्यातल्या त्यात जवळचे. परंतु तेथे निदान दोन्ही बाजूंचा युक्तिवाद झालेला असतो. खरा प्रतिशब्द मला दुसऱ्या दिवशी भांडी विसळताना सुचला. आमच्या पिढीतील मुली ज्या चहापोह्यांच्या कार्यक्रमांतून गेल्या, त्यांच्या शेवटी पाहुणे दारात चपला घालता घालता म्हणत, "कळवतो." होकारही नाही आणि नकारही नाही, आणि तरीही घरातील बायकांना त्याचा अर्थ काय घ्यायचा ते बरोबर कळत असे.

ही तुलना विनोदासाठी केलेली नाही. अमेरिकेतील प्रवेशाची ही पद्धत ज्यांना परिचित नाही, त्यांना ती या मार्गानेच लवकर समजेल असे मला वाटते. हायस्कूलचे चौथे आणि शेवटचे वर्ष म्हणजे आपली बारावी. ते सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात 'अर्ली' अर्जांची मुदत संपलेलीही असते. त्यांतील 'अर्ली अ‍ॅक्शन' या प्रकारात उत्तर लवकर मिळते, बंधन नसते. 'अर्ली डिसिजन' मात्र सरळ साखरपुडा आहे. विद्यार्थ्याने असा अर्ज एकाच कॉलेजला करायचा, आणि प्रवेश मिळाला तर तेथेच जाण्याचे व इतर सारे अर्ज मागे घेण्याचे वचन द्यायचे. वचनावर तिघांच्या सह्या लागतात: विद्यार्थ्याची, पालकांपैकी एकाची आणि शाळेच्या काउन्सेलरची. सही म्हणजे पडद्यावरील चौकटीत आपले नाव टंकणे. मी माझे नाव टंकले, तेव्हा माझ्या पालकांनी माझ्या वतीने असे एखादे वचन दिले असते तर मी त्यांना क्षमा केली असती काय, हा प्रश्न मनात आला होता. तो मी मनातच ठेवला.

डिसेंबरच्या मध्यास उत्तर येते. डिफर झालेला अर्ज सर्वसाधारण फेरीत ढकलला जातो, वचनाचे बंधन सुटते आणि खरे उत्तर मार्चअखेरीस मिळते. कॉलेजांना या साऱ्याचा लाभ उघड आहे: ज्याला प्रवेश देऊ तो येणारच, ही खात्री. म्हणून कितीतरी नामांकित खासगी कॉलेजे पहिल्या वर्षाच्या निम्म्याच्या आसपास जागा याच मार्गाने भरतात. विद्यार्थ्याचा लाभ असा की, लवकर अर्ज करणाऱ्यांची निवड होण्याचे प्रमाण जास्त असते. पण मदतीचे आकडे शेजारी शेजारी ठेवून चार कॉलेजांची तुलना करण्याची सोय या वचनात राहत नाही. मदत अगदीच अपुरी असेल तर करारातून मोकळे होता येते, हे खरे; तथापि ज्या घराला तुलना करण्याची गरजच नाही, त्या घरातील मुलालाच हे वचन निर्धास्तपणे देता येते. आमचे घर मधल्या पट्टीचे. मुलीच्या बाबांनी दोन रात्री आकडेमोड केली आणि शेवटी म्हणाले, "जमवू." या शब्दाचा अर्थ मराठी घरांत वेगळा सांगावा लागत नाही.

यावर अमेरिकेत टीका झालेली नाही, असे नाही. जेम्स फॅलोज यांनी २००१ साली 'द अटलांटिक' मासिकात या पद्धतीची झडती घेणारा दीर्घ लेख लिहिला. २००३ साली अ‍ॅव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाउझर यांचे 'द अर्ली अ‍ॅडमिशन्स गेम' हे पुस्तक आले. लवकर अर्ज केल्याचा फायदा हा तेव्हाच्या १६०० गुणांच्या एसएटी परीक्षेत सुमारे १०० गुण अधिक मिळवण्याच्या तोडीचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. २००६ साली हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठ यांनी लवकरची फेरी बंद करण्याची घोषणा केली. इतर बडी विद्यापीठे मागोमाग येतील ही अपेक्षा मात्र फोल ठरली आणि २०११ साली तिघांनीही लवकरची फेरी पुन्हा सुरू केली. म्हणजे ज्यांना नियम बदलणे सर्वांत सोपे होते, त्यांनाही तो एकट्याने बदलता आला नाही. हे सारे मी वाचले ते डिसेंबरनंतर. ऑक्टोबरात वाचले असते तरी सही केलीच असती.

माझा स्वतःचा प्रवेश १९९२ सालचा. बारावीनंतर पुण्याच्या कॉलेजात कला शाखेस अर्ज केला होता. पहिली यादी लागली त्या दिवशी वडील साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने गेले, फलकावर नाव शोधले, सापडले नाही, संध्याकाळच्या एसटीने परत आले. दुसऱ्या यादीच्या वेळीही तसेच गेले. या वेळी नाव होते. पहिल्या यादीतून वगळले गेल्याचे दुःख मला झालेच असणार, पण आज ते आठवू म्हटले तरी आठवत नाही, आणि त्याचे कारण आता कळते आहे असे वाटते. ती यादी टक्क्यांची होती. माझे टक्के कमी पडले होते. मी कमी पडले, असे कोणी म्हटले नव्हते. टक्क्यांची व्यवस्था क्रूर असते आणि तिने चिरडलेली मुले मी वर्गात पाहिली आहेत. तरीही तिला तुमची आजी ठाऊक नसते.

आजीचा उल्लेख येथे सहज आलेला नाही.

१९७५ साली १५ कॉलेजांनी मिळून सुरू केलेला 'कॉमन अ‍ॅप्लिकेशन' हा सामाईक अर्ज आज शेकडो कॉलेजे वापरतात. त्यात एक निबंध असतो. कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. विषय निरनिराळे दिलेले असले, तरी प्रश्न एकच असतो: तू कोण आहेस? त्या वर्षी या प्रश्नाला अधिकच धार आली होती. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याची रूढ पद्धत रद्दबातल ठरवली. मात्र आपल्या वंशाचा आपल्या आयुष्यावर कसा परिणाम झाला हे विद्यार्थ्याने स्वतः लिहिले, तर ते विचारात घेण्यास मज्जाव नाही, असेही सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालपत्रात नमूद केले. अनेक कॉलेजांनी आपले पूरक प्रश्न त्या उन्हाळ्यात नव्याने लिहिले. जे पूर्वी अर्जातील एका चौकटीत खूण करून सांगता येत होते, ते आता गोष्ट करून सांगायचे होते.

लेकीने पहिला खर्डा लिहिला तो गावातल्या सार्वजनिक वाचनालयातील तिच्या कामाविषयी. शनिवार-रविवारी ती तेथे परत आलेली पुस्तके गाड्यावर रचून पुन्हा जागेवर लावीत असे. कोणती पुस्तके न वाचताच परत येतात ते कसे ओळखावे, एक म्हातारे गृहस्थ दर आठवड्यास एकच पुस्तक का नेतात, असे काहीबाही तिने लिहिले होते. मला ते सपक वाटले. चांगले होते, पण कोणीही लिहिले असते, असे मी म्हणाले. (आज वाटते, 'कोणीही' म्हणजे नेमके कोण?) मग मीच सुचवले की आजीवर लिही.

माझी आई त्याच वर्षी मार्चमध्ये साताऱ्यास वारली. लेकीची आणि तिची मैत्री फोनवरची. शनिवारी सकाळी, म्हणजे तिकडे दिवेलागणीनंतर, आजीचा फोन येई. संभाषण दर वेळी तेच. जेवलीस का, थंडी आहे का, शाळेत काय शिकवलं. लेकीचे मराठी मोडके; क्रियापदे नेहमी चुकीच्या लिंगात. आजी ती दुरुस्त करीत नसे, तीच चूक स्वतः करून उत्तर देई, आणि दोघी हसत. मी दुसऱ्या खोलीतून हे ऐकत असे आणि मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत इतरांच्या मुलांना व्याकरण शिकवणारी मी, येथे मात्र गप्प बसत असे.

तिने ते लिहिले, आणि फार चांगले लिहिले. मग मी संपादन सुरू केले. साताऱ्याजवळच्या एका कॉलेजात सहा वर्षे मी आत्मचरित्र शिकवले होते. 'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार दया पवारांना आपली कहाणी सांगतो, या एकाच माणसाच्या दुभंगण्यावर मी तासच्या तास बोलले आहे. सांगणारा 'मी' आणि जगलेला 'मी' यांच्यातले अंतर हेच आत्मकथनाचे खरे द्रव्य, असे वाक्य मी फळ्यावर लिहीत असे आणि मुले ते उतरवून घेत. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८चा आणि 'स्मृतिचित्रे' पुस्तकरूपाने येऊ लागली ती १९३४पासून. हे अंतर पडायला त्यांना किती काळ लागला, हेही मी सांगत असे. आणि येथे माझ्या सतरा वर्षांच्या मुलीने आठ महिन्यांपूर्वी वारलेल्या आजीविषयी ६५० शब्दांत लिहावे आणि ते १ नोव्हेंबरच्या आत लिहावे, यात मला काही वावगे दिसले नाही. मी शेवट थोडा वर नेला. मधला एक परिच्छेद काढला. "जेवलीस का?" हा प्रश्न शेवटच्या ओळीत आणून ठेवला. निबंध आता बांधेसूद झाला होता. शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षिकेने तो वर्गात वाचून दाखवण्याची परवानगी मागितली. लेक नाही म्हणाली, आणि मला तो तिचा संकोच वाटला.

डिफरचे पत्र मी दुसऱ्या दिवशी वाचले. मसुदा म्हणून ते निर्दोष होते. तीन परिच्छेद, एकही कर्ता नाही. सारे काही आपोआप घडलेले. या वर्षी आलेले अर्ज फार गुणवत्तेचे होते, सबब निर्णय पुढे नेण्यात आला आहे. अशा पत्रात माणसाला भांडायला जागा सापडत नाही. आपले काय चुकले ते कळत नाही, आणि चुकले नाही असेही कोणी म्हणत नाही. मग माणूस स्वतःच चूक शोधू लागतो. तिच्या वर्गातील कोणाला काय मिळाले हे तासाभरात सर्वांना कळले होते. एका मैत्रिणीला होकार आला होता, आणि तिच्या पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडल्याचे चित्रीकरण साऱ्यांच्या फोनवर पोहोचले होते. लेकीने तिचे अभिनंदन केले. मी पाहिले, ते मनापासून होते. मग ती दोन दिवस फारसे बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात आली. मी पोळ्या करीत होते. ती म्हणाली, "आई, मला बरं वाटतंय. एका अर्थी."

"म्हणजे?"

"त्यांनी हो म्हटलं असतं ना, तर मला जावंच लागलं असतं. त्या निबंधावर."

मला समजले नाही. मग तिने सांगितले. आजी गेली त्याच्या आदल्या शनिवारी एसएटीची सराव परीक्षा होती. आजीचा फोन आला तेव्हा ती घड्याळ लावून पेपर सोडवत बसली होती. तिने फोन उलटा करून ठेवला. नंतर करू म्हणून ठेवला, आणि नंतर केला नाही. निबंधात जो शेवटचा फोन आहे तो त्याच्या आधीच्या आठवड्यातला. त्यात खोटे एकही अक्षर नाही. "पण मी लिहिलं होतं ते," ती म्हणाली, "की मी उचलला नाही. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा होतं. तू काढायला सांगितलंस."

"मी? नाही गं. मी असं कसं सांगेन?"

"सांगितलंस."

पोळी करपली. मी खरोखरच आठवण्याचा प्रयत्न केला आणि मला आठवले नाही. तिने वाद घातला नाही. इतर कॉलेजांचे अर्ज जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जायचे होते, त्यांच्यासाठी आपण निबंध पुन्हा लिहिणार आहोत, तोच वाचनालयाचा, आणि तो तू वाचायचा नाहीस, एवढे तिने सांगितले. मी बरे म्हणाले. नाताळच्या सुटीतील ते दहा दिवस ती खोलीत बसून लिहीत होती आणि मी खाली बसून न वाचण्याचे काम करीत होते. शिक्षकी पेशात याचे प्रशिक्षण दिले जात नाही.

जानेवारीत मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले. तिळगुळाबरोबर प्रश्न येणार हे ठाऊकच होते. "काय हो वहिनी, मुलीचा नंबर लागला का कुठे?" इतकी वर्षे झाली तरी आम्ही नंबरच लागतो म्हणतो. मी म्हणाले, डिफर झाला आहे. एक बाई समजुतीने म्हणाल्या, "अहो, लागेल. डिफर म्हणजे नाही थोडंच." दुसऱ्या बाई, ज्यांची दोन्ही मुले या फेऱ्यांतून गेली होती, काही बोलल्या नाहीत, वाण माझ्या हातात देताना हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. त्या महिन्यात डिफर केलेल्या कॉलेजला एक पत्र पाठवायचे असते: अजूनही मला तुमच्याकडेच यायचे आहे, आणि मधल्या काळात मी काय काय केले. काउन्सेलरने त्याचा नमुनाही दिला होता. लेकीने चार ओळी लिहिल्या. सहामाहीचे गुण आणि वाचनालयात तास वाढवून मिळाल्याचे कळवले. आजीचा उल्लेख त्यात नव्हता, हे तिने मला आपणहून सांगितले.

पुढचे फार सांगण्यासारखे नाही. मार्चअखेरीस त्या कॉलेजचा नकार आला. या वेळी ती जिन्यावर थांबली नाही, सरळ खाली आली आणि दूध ओतून घेतले. दोन ठिकाणी प्रतीक्षायादी, तीन ठिकाणी होकार. त्या वर्षी केंद्र सरकारच्या मदतीचा 'फॅफ्सा' हा अर्जच एरवीच्या ऑक्टोबरऐवजी डिसेंबरअखेरीस खुला झाला होता आणि मग त्याचे आकडे कॉलेजांपर्यंत पोहोचता पोहोचता वसंत ऋतू सरला. कितीतरी कॉलेजांनी १ मेची मुदत पुढे ढकलली. आम्हीही आकड्यांची वाट पाहत बसलो. अखेर ते आले तेव्हा मुलीच्या बाबांनी तीन रकाने शेजारी शेजारी मांडले आणि प्रथमच त्यांचा चेहरा सैल झालेला मी पाहिला. तिने आमच्याच राज्यातील सरकारी विद्यापीठ निवडले. रकान्यांमुळे निवडले की तेथील वाचनालयामुळे, हे मी विचारलेले नाही.

ऑगस्ट २०२४च्या अखेरीस तिला वसतिगृहात सोडून आलो. दोन आठवड्यांनी, मराठी शाळेचे नवे वेळापत्रक शोधत असताना संगणकावर तिच्या निबंधाची ती फाइल दिसली. तिने ती तेव्हा माझ्याशी सामाईक केली होती आणि नंतर बंद करायची राहून गेली असावी. आजीवरचीच होती, दुसरी नव्हती, म्हणून उघडली. अशा फाइलींत जुने खर्डेही तारीखवार साठून राहतात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातील खर्ड्यात शेवटून तिसरे वाक्य फोन न उचलल्याचे आहे. साधे वाक्य आहे, एका ओळीचे. त्याच्या समासात माझ्या नावाने एक शेरा आहे, मराठीत: "हे आवश्यक आहे का? परिणाम उणावतो." त्यावर तिने काही उत्तर दिलेले नाही. पुढच्या खर्ड्यात ते वाक्य नाही.